घडी मोडून बघणारी आक्का

आक्काच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा नसायचा. तिथं एक बारका स्क्रू-ड्रायव्हर खोचलेला असायचा. निपाणीच्या टॅक्सी स्टँडवर ज्यांनी तिला पाहिलंय, त्यांना हे सांगायला नको. अंगावर घरच्या मागावरची साडी, नाकावर घसरलेला चष्मा आणि हातात कुणाची तरी बंद वस्तू. ती वस्तू उलटीपालटी करून आक्का आधी तिचे स्क्रू शोधायची. टॉर्च असो, इस्त्री असो, नातवाचं खेळणं असो; ती काय काम करते हा प्रश्न आक्काच्या लेखी दुसरा होता. पहिला प्रश्न, ती उघडते कुठून?

माझी तिची ओळख गाड्यांमुळे झाली. मी निपाणीतल्या एका शाळेत ड्रॉइंग मास्तर होतो. निवृत्त झालो, जुनी चारचाकी घेतली आणि मोबाइलवर गाड्यांच्या जाहिराती बघण्याचं वेड लागलं. वेडच म्हणायचं ते. ही चकती लावा, गाडी पळते. ही नळी लावा, पेट्रोल वाचतं. खोक्यांवरची ती चित्रं, त्या निळ्या ज्वाळा, त्या चमकत्या रेषा! रंगात जन्म गेलेला माणूस मी, चित्राला भुलणारच. पार्सल आलं की जेवण अर्धवट टाकून उठायचो. गाडीला वस्तू लावायच्या आधी मी ती घेऊन स्टँडवर जायचो, कारण तिथं चार माणसांसमोर ती दाखवायची मजा होती. आणि तिथंच आक्का असायची.

आक्का मूळची बेळगावातल्या वडगावची, विणकराच्या घरातली. लग्न होऊन निपाणीला आली. माहेरच्या मागावरच्या साड्या गाडीतून आणून बोरगाव, कोगनोळी आणि आजूबाजूच्या गावांत विकायची. आधी त्यासाठी ड्रायव्हर होता. तो रोज उशिरा यायचा. एक दिवस आक्का म्हणाली, "उद्यापासून येऊ नगं, मीच शिकते." आणि शिकली. पन्नाशीच्या पुढं, साडी नेसून, सीटवर उशी घेऊन. स्टँडवरचे पोरगे आधी हसले, मग तिची गाडी तवंदी घाटात पुढं निघून गेलेली बघून गप्प झाले. ती गरीब स्वभावाची बिलकुल नव्हती. मोठ्यानं बोलायची, मोठ्यानं हसायची आणि आपण गाडी कशी काढली हे तिखटमीठ लावून सांगायची. इंजिनातलं मात्र तिला काही कळत नव्हतं, आणि तेही ती मोठ्यानंच सांगायची.

"मला कारबुरेटर आन काय ते ठाऊक न्हाय ओ मास्तर. मला घडी मोडाय येती तेवढंच."

घडी मोडणं म्हणजे काय, हे तिनंच मला एकदा समजावलं. व्यापारी साडी दाखवतो तेव्हा पदर दाखवतो. जरीचा, भरगच्च, डोळे दिपवणारा. आक्काचे वडील म्हणे गिऱ्हाइकाला सांगायचे, आमची साडी घेताना मधली घडी मोडून बघा; दोष असला तर तिथं असतो. जो व्यापारी मधली घडी मोडू देत नाही, त्याच्या दारात थांबू नका. माझ्या प्रत्येक पार्सलाला आक्का हेच लावायची. "पदर बघितला, मास्तर. लई झ्याक हाय. आता मधलं दावा."

पेट्रोलच्या नळीवर बसवायचं लोहचुंबक मी मागवलं तेव्हाची गोष्ट. त्यानं म्हणे पेट्रोलचे कण सरळ रांगेत उभे राहतात. मी हे सांगताना हातानं रांग करून दाखवली. आक्कानं चुंबक हातात घेतलं, दोन्ही तुकडे सोडवले, आत काही नाही हे बघितलं आणि म्हणाली, "माझ्या फ्रिजवरचा गणपतीचा फोटू सारखा पडतोय. दोन दिवस द्या." ते चुंबक मला परत मिळालं नाही. पुढं कित्येक वर्षं तिच्या घरी गेलो की फ्रिजवर गणपती आणि त्याला धरून बसलेलं माझं चुंबक दिसायचं. "कणबिण रांगेत हाईत बघा," ती फ्रिज उघडत म्हणायची, "वांगी बी रांगेत हाईत."

सायलेन्सरमध्ये बसवायची शिट्टी तर विचारू नका! तिनं गाडीला मोठ्या इंजिनाचा आवाज येतो आणि ताकदही वाढते, असं जाहिरातीत होतं. मी ती बसवून कोगनोळीपर्यंत गेलो. गाडी अशी किंचाळत होती की रस्त्याकडेची कुत्री मागं लागली. नाक्यावरच्या पोलिसानं थांबवलं, गाडीभोवती एक चक्कर मारली आणि विचारलं, "आजोबा, कुकर ठेवलाय काय डिकीत?" परत आलो तर आक्का स्टँडवर वाटच बघत होती. आवाज म्हणे गाडीच्या आधी पोचला होता.

"ताकद वाढली काय ओ?"

"थोडी वाटते," मी म्हणालो.

"गाडी तीच हाय मास्तर. आता बोंबलती, एवढंच."

सिगारेट लायटरच्या भोकात बसवायची एक कांडी होती, तिच्यातून फक्त एक बारका दिवा निघाला. "देवापुढं लावा, तेल वाचंल," असा निकाल मिळाला. मी रागवायचो का? नाही. खरं सांगायचं तर मी वाटच बघायचो. स्टँडवर वीसेक डोकी गोळा व्हायची, चहा यायचा, आक्काचा स्क्रू-ड्रायव्हर फिरायला लागायचा आणि माझ्या छातीत परीक्षेच्या निकालासारखं धडधडायचं. आत काय असेल? या वेळी तरी असेल का काही? त्या वयात एवढी धडधड दुसरं कोण देणार होतं?

आणि आक्का चुकायचीसुद्धा. हे लिहिलंच पाहिजे. मी एकदा टायरमध्ये हवा भरायचा छोटा पंप मागवला होता, गाडीच्या बॅटरीवर चालणारा. आक्कानं तो उघडायचेही कष्ट घेतले नाहीत. "खेळणं हाय," म्हणाली. पुढं तिच्या घरच्यांबरोबर आम्ही कणकुंबीला गेलो होतो. परतताना रानात तिच्या गाडीचं टायर बसायला लागलं. खिळा रुतला होता आणि स्टेपनी आधीच पंक्चर. आसपास माणूस नाही, मोबाइलला रेंज नाही. मी माझ्या पिशवीतून ते खेळणं काढलं. हवा भरत, थांबत, परत भरत आम्ही जांबोटीपर्यंत आलो. रस्ताभर आक्का एक शब्द बोलली नाही. मला वाटलं, रुसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्टँडवर गेलो तर ती मध्यभागी उभी राहून गळा ताणून सांगत होती, "ऐका रं सगळे! मास्तरांच्या पंपाला मी खेळणं म्हटलं हुतं. चुकलं माझं! लई चांगली वस्तू हाय. मी न उघडता बोलले, म्हणून चुकलं!" आणि मग तो पंप बोनेटवर उघडून सगळ्यांना आतली मोटार दाखवली. माणूस चूक कबूल करताना खाली बघतो. आक्का तेव्हा असं बोलायची जणू तिला बक्षीस मिळालंय. तिचा शब्द स्टँडवर का चालायचा, याचं कारण त्या सकाळी मला कळलं. ती जितक्या जोरात "खोटं" म्हणायची, तितक्याच जोरात "चुकलं माझं" म्हणायची.

आता त्या हिरव्या डबीकडे येतो. तिच्यासाठीच हे सगळं लिहायला बसलोय.

काडेपेटीएवढी डबी. गाडीच्या स्टिअरिंगखाली मेकॅनिक लोक तपासणीची वायर जोडतात, त्या सॉकेटात ती खुपसायची. मग म्हणे ती गाडीच्या मेंदूशी बोलते, तुमची चालवायची सवय शिकते, पेट्रोल वाचवते आणि ताकदही वाढवते. मी बसवली. हिरवा दिवा लुकलुकला. आणि खरंच, माझी गाडी जास्त अॅव्हरेज द्यायला लागली! मी हवेत. स्टँडवर जाऊन सांगितलं. आक्का स्क्रू-ड्रायव्हर काढायला लागली तशी मी डबी मुठीत धरली. डबीला स्क्रू नव्हते. उघडायची तर फोडावी लागणार होती.

"फोडू देणार नाही," मी म्हणालो. "ही चालते, आक्का. मी स्वतः बघितलंय."

"डबी चालती का तुमचा पाय हलका झालाय?" ती म्हणाली. "नवी चप्पल घातली की माणूस चिखल चुकवून चालतंय. त्यात चप्पलचं काय कौतिक?"

पोरं हसली. मला ते लागलं. दर वेळी हसण्यावारी नेणारा मी त्या दिवशी चिडलो. "मग चाचणी घ्या," मी म्हणालो. "आणि ही जिंकली तर इथंच, सगळ्यांसमोर तसं सांगायचं."

आक्काचे डोळे चमकले. तिच्या माहेरी नवीन सूत आलं की वडील त्याची एक परीक्षा घ्यायचे. जुनं सूत आणि नवं सूत, माग एकच, विणणारा एकच, दिवस एकच. आणि कुठलं सूत कुठलं, हे विणणाऱ्याला सांगायचं नाही. "त्याला कळलं की हात बदलतोय," आक्का म्हणाली. "लबाडी करायची म्हणून न्हवं. आपोआप बदलतोय. तसंच करू. गाडी तुमची, चालवणार तुम्ही, रस्ता एकच. एक फेरी डबी लावून, एक न लावता. डबी हाय का न्हाय, ते तुम्हाला कळता कामा नये."

ठरलं. सगळ्या स्टँडला ती बातमी लागली. शिवाप्पा नावाचा टॅक्सीवाला तर त्या दिवशी भाडं सोडून आला. चांगला, सरळ माणूस; त्याची गाडी घाटात दम टाकायची आणि कुणी काही सुचवलं की लगेच करून बघायचा. "आक्का म्हणाल्या तर मी बी घेणार," तो म्हणाला. त्याच्यामागे आणखी कितीतरी जण तेच म्हणाले. चाचणी डबीची होती, पण स्टँडवर पणाला लागला होता आक्काचा शब्द. हे तेव्हाही मला दिसत होतं.

गावाबाहेरच्या पंपावर टाकी गळ्यापर्यंत भरली. आक्का स्टिअरिंगखाली वाकून काहीतरी करून आली आणि सॉकेटावर साडीचा एक जांभळा तुकडा घडी घालून, टाचणीनं टाचून ठेवला. मग माझ्या शेजारी बसली. तवंदी घाट चढून संकेश्वर, तिथून परत फिरून कोगनोळी, आणि परत पंपावर. उसाचे दिवस होते. घाटात ट्रॅक्टरमागं ट्रॅक्टर. मी नेहमीसारखी गाडी काढत, हॉर्न देत, एकेकाला मागं टाकत गेलो. खिडकीतून वारा, आक्काच्या गप्पा. मी पोरासारखा खूष होतो. पंपावर परत टाकी भरली, आकडा सगळ्यांनी बघितला.

आक्का परत वाकली, परत कापड टाचलं. आणि हात धुवायला नळाकडे गेली. बाकीचे चहाच्या गाड्यावर होते.

मी टाचणी काढली आणि कापड उचलून बघितलं.

हिरवा दिवा लुकलुकत होता. म्हणजे पहिल्या फेरीला डबी नव्हती, आता होती. मी कापड परत घडी घालून टाचलं. ड्रॉइंग मास्तर मी. कापडाच्या घड्या फळ्यावर काढून पोरांना शिकवलेल्या. हुबेहूब झाली असं वाटलं.

मी ठरवून लबाडी केली का? आजवर स्वतःला हेच विचारत आलोय. निघताना मी मनात काही ठरवलं नव्हतं. पण पाय हलका झाला, आपोआप. घाटात उसाचा ट्रॅक्टर आला आणि मी मुकाट्यानं त्याच्या मागं राहिलो. उतारावर गाडी सोडून दिली. आक्कानं एकदा माझ्याकडे वळून बघितलं.

"काय ओ मास्तर, ऊस चोखायचाय काय? काढा की गाडी म्होरं!"

"गर्दी आहे," मी म्हणालो. त्या क्षणापासून मात्र ती ठरवून केलेली लबाडी होती.

टाकी भरली. पहिल्यापेक्षा बरंच कमी पेट्रोल बसलं. पंपावर एकच गलका झाला! शिवाप्पानं मला उचललं. आक्का स्टिअरिंगखाली वाकली, टाचणी काढली आणि कापडाकडे थोडा वेळ बघत राहिली. मला वाटलं, डबीकडे बघतेय. मग ती स्टँडवर आली आणि नेहमीच्या त्या खणखणीत आवाजात ओरडली, "ऐका रं सगळे! चुकलं माझं! मास्तरांचं खरं!"

लोक टाळ्या वाजवत होते आणि मी हसत होतो. आयुष्यात पहिल्यांदा आक्कावर जिंकलो होतो.

डब्या आल्या. एकापाठोपाठ एक सगळ्यांनी मागवल्या. शिवाप्पाची गाडी मुळात दुरुस्तीला आली होती. डबीनं ताकद येईल म्हणून त्यानं गॅरेज लांबणीवर टाकलं. मग एक दिवस तो बोरगावच्या एका गरोदर बाईला घेऊन बेळगावच्या दवाखान्यात निघाला आणि तवंदी घाटाच्या मध्यावर गाडी बसली. मागून आलेल्या एका गाडीनं त्या बाईला नेलं, सगळं सुखरूप झालं. पण घाटात ती बाई कण्हत असताना शिवाप्पानं जे सोसलं, ते घेऊन तो दुसऱ्या दिवशी स्टँडवर आला आणि आक्कासमोर उभा राहिला.

"तुमच्या शब्दावर घेतली हुती मी ती डबी! मास्तर तर काय, रोज एक काहीतरी आणत्यात. तुम्ही म्हणालात म्हणून घेतली!"

मी तिथंच होतो. हातात चहाचा ग्लास. आक्कानं माझ्याकडे बघितलंही नाही. "व्हय बाबा," ती म्हणाली. "शब्द माझा हुता. चुकलं माझं."

या वेळी ती ओरडली नाही. मी चहा संपवला आणि घरी गेलो.

त्यानंतर तिच्याकडे कुणी वस्तू उघडायला आणेना. कुणी मुद्दाम वाईट वागलं असं नाही. एखादा पोरगा नवी वस्तू दाखवायचा आणि दुसरा म्हणायचा, "आक्काचं सर्टिफिकेट घेतलंस काय?" आणि हशा व्हायचा. आक्काही हसायची. स्क्रू-ड्रायव्हर कमरेला असायचा, हात तिकडं जायचा आणि परत यायचा. मीही पार्सलं मागवायची बंद केली. उघडायला कुणी नसेल तर मागवायची कशाला? पुढं तिचे गुडघे गेले, गाडी विकली आणि ती वडगावला तिच्या लेकीकडे, सुनंदाकडे राहायला गेली.

गेल्या थंडीत सुनंदाचा फोन आला की आईला बरं नाही, भेटून जा. मी जाताना ती हिरवी डबी खिशात घातली. वाटेत कबुलीचं वाक्य पाठ केलं होतं. शेजारच्या खोलीत माग धडधडत होते. आक्का खाटेवर, बारीक झालेली, पण चष्मा तसाच नाकावर घसरलेला. मी बसलो. हवापाण्याचं बोललो. परत हवापाण्याचं बोललो.

"मास्तर," ती म्हणाली, "घडी घालताना मी काठ आत घेते. लहानपणापासनं. तुम्ही घातली त्यात काठ भाईर हुता."

मागांचा आवाज एकदम मोठा झाल्यासारखं वाटलं. मी विचारलं, "तेव्हाच कळलं होतं तुम्हाला?"

"पंपावरच."

"मग बोलला का नाही? शिवाप्पा एवढं बोलला तेव्हा तरी?"

"तुम्ही बोलाल म्हणून थांबलते की ओ."

मी रडलो, हे लिहायला मला लाज नाही. म्हणालो, "आक्का, आता सांगतो, सगळं..."

"मला कशापायी सांगताय? मला ठाऊकच हाय. तिकडं सांगा जावा." आणि मग तिची नजर माझ्या खिशावर गेली. "काय आणलंय? डबी काय? दावा, दावा!"

ती उठून बसली! सुनंदा नको नको म्हणत होती, पण आक्कानं उशीखालून स्क्रू-ड्रायव्हर काढला. हाताला कंप होता म्हणून डबी मी धरली, तिनं फटीत टोक घातलं आणि मी दाबलं. कट्ट आवाज झाला. आत एक हिरवा दिवा, त्याला लुकलुकवणारा एक इवलासा तुकडा, आणि बस. सॉकेटाकडे जाणाऱ्या पिनांपैकी दिव्याला वीज देणाऱ्या सोडल्या तर बाकीच्या कशालाही जोडलेल्या नव्हत्या. गाडीच्या मेंदूशी बोलायला त्या डबीला तोंडच नव्हतं. आक्का असं हसली, असं हसली की खोकला लागला, सुनंदा पाणी घेऊन धावली, आणि पाणी पितानाही ती हसतच होती. "ह्यो बी दिवाच की ओ! देवापुढं लावा!"

निघताना तिनं स्क्रू-ड्रायव्हर माझ्या हातात ठेवला आणि परत घेतला नाही.

पुढच्या आठवड्यात ती गेली.

तिचे दिवस झाल्यावर मी स्टँडवर गेलो. मध्यभागी उभा राहिलो, जिथं ती उभी राहायची तिथं. आवाज चढवला. "ऐका रं सगळे!" आणि कापड, टाचणी, बाहेर राहिलेला काठ, ट्रॅक्टर, सगळं सांगितलं. उघडलेली डबी बोनेटवर ठेवली. शिवाप्पा सगळ्यात मागं उभा होता. तो पुढं आला, डबीत बघितलं, माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, हात उगारतो आता, आणि उगारावा असंच वाटत होतं.

"मी आक्काला काय काय बोललो ओ मास्तर," तो म्हणाला. "आन तुम्ही च्या पीत हुता."

"व्हय," मी म्हणालो. "चुकलं माझं."

तो गाडीकडे गेला आणि त्याची स्वतःची डबी घेऊन आला, अजून न फोडलेली. "चाचणी परत घ्यायची," तो म्हणाला. "रीतसर. गाडी तुमचीच, चालवणार मी. तुम्ही शेजारी बसायचं. आन हात मांडीवर ठेवायचे."

स्टँड हसला. किती दिवसांनी हसला तो तसा!

वडगावहून सुनंदाला बोलावलं. डबी कुठल्या फेरीला लावायची ते ती ठरवणार, कापड ती टाचणार. तोच जांभळा तुकडा तिनं आणला होता. पंप तोच, रस्ता तोच. पहिली फेरी झाली, सुनंदा परत वाकली, कापड टाचलं, आणि आम्ही निघालो. मी आक्काच्या जागेवर बसलो होतो, दोन्ही हात मांडीवर, शाळेतल्या पोरासारखे. घाटात उसाचा ट्रॅक्टर आला. वजनानं झुलत, वर ऊस लोंबकळत. शिवाप्पानं एक क्षण ब्रेकवर पाय ठेवला, माझ्याकडे बघितलं. मी काय केलं, मला कळलंच नाही. तोंडातून निघून गेलं.

"शिवाप्पा, ऊस चोखायचाय काय रं? काढ की गाडी म्होरं!"

तो खदाखदा हसला आणि पहिल्या फेरीसारखीच गाडी काढली.

पंपावर टाकी भरत होती तेव्हा सगळे मीटरवर वाकले होते. आकडा आला. पहिल्या फेरीला जेवढं पेट्रोल लागलं होतं, तेवढंच, इकडं तिकडं थेंबभर. शिवाप्पा स्टिअरिंगखाली वाकला, कापडाचा काठ चाचपून बघितला आणि सुनंदाकडे बघून मान हलवली. काठ आत होता. मग त्यानं टाचणी काढली. डबीचा हिरवा दिवा आतमध्ये आनंदानं लुकलुकत होता.

आम्ही स्टँडवर आलो. सगळे माझ्याकडे बघत होते. मी स्क्रू-ड्रायव्हर धरलेला हात वर केला आणि सगळा जोर लावून ओरडलो, "ऐका रं सगळे! आक्काचं खरं!"

शिवाप्पा ओरडला. मग त्याच्या शेजारचा. मग सगळे. ज्यांनी तिच्या शब्दावर डबी घेतली आणि जे त्या दिवशी स्टँडवर नव्हते, त्यांच्यापर्यंत तो आवाज पोचला नसेल. म्हणून इथं लिहिलं. आक्काचं खरं होतं.